अंगणाचा कोबा

सातारा-सांगलीकडील जुन्या घरांत सर्वांत अधिक दुरुस्ती कशाची होत असे, असें विचारलें तर कोणी छपराचें नांव घेईल, कोणी भिंतीचें. अंगणाचें नांव सहसा कोणाच्या तोंडीं येणार नाहीं. वास्तविक पाहतां छपराचीं कौलें वर्षांतून एकदां चाळावीं लागत, भिंतींचें लिंपण सणासुदीस होई, आणि अंगणाची डागडुजी मात्र रोजच्या रोज, उजाडण्यापूर्वीं चाले. झाडलोट करावयाची, शेणसडा घालावयाचा, पावसानें कोठें खळगा पडला असेल तर त्यांत मुरूम भरून तो चोपावयाचा, आणि आठ-पंधरा दिवसांनीं सारी जमीन सारवून काढावयाची, हा क्रम इतका अंगवळणीं पडलेला होता कीं त्यास दुरुस्ती हें नांव देण्याचें कोणाला सुचलेंच नाहीं. हें सारें काम घरांतील बायका करीत. त्यासाठीं गवंड्यास बोलावणें नसे, मजुरी नसे, आणि म्हणून हिशेबाच्या वहींत त्याची नोंदहि नसे. अंगणाचा इतिहास लिहूं जाणाऱ्यास बखरींत किंवा दप्तरांत फारसें कांहीं हातीं लागत नाहीं, त्याचें कारण हेंच. तो इतिहास जमिनीच्या थरांतूनच वाचावा लागतो.

आज त्या घरांपैकीं बहुतेकांच्या जागीं बंगले उभे आहेत. फाटकापासून ओसरीपर्यंत मोटारीची वाट काँक्रीटची केलेली असते आणि उरलेलें अंगणहि त्याच काँक्रीटखालीं गेलेलें असतें. तें घालतांना घरधन्याची समजूत अशी असते कीं एकदां खर्च केला म्हणजे जन्माची ददात मिटली. दहा-पंधरा वर्षें जातात. एका कोपऱ्यांत केसासारखी चीर दिसूं लागते. पुढच्या कांहीं पावसाळ्यांत तिची बोट जाईल एवढी फट होते. मोटारीच्या चाकाखालचा भाग खचतो. वरची वाळू सुटते आणि झाडतांना केरसुणीबरोबर भुकटी निघते. मग गवंडी येतो, वरून अर्धा-पाऊण इंच सिमेंटचा गिलावा चोपडून देतो, आणि दोन पावसाळ्यांत तो गिलावा पापडासारखा सुटून येतो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे कीं त्याचें खापर केवळ गवंड्याच्या माथीं फोडणें न्यायाचें होणार नाहीं. सिमेंटनें घराला रोजच्या दुरुस्तींतून मोकळें केलें, ही गोष्ट खरी; परंतु त्याबरोबर दुरुस्तीची विद्याहि त्यानें घराबाहेर घालविली. ती कशी गेली आणि तींतलें कोणतें मर्म आजहि उपयोगी आहे, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. १ ऑगस्ट १९४९ रोजीं सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. कागदावरची वांटणी ही अशी अलीकडची. अंगणाच्या दृष्टीनें पाहिलें तर मात्र निसर्गानें ती फार पूर्वींच करून ठेवलेली होती. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं उतारावर वसलेलें. तेथें थोडें खणलें कीं मुरूम लागतो. मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला काळा पाषाण. तो ओला करून चोपला कीं घट्ट बसतो, पाण्यानें फारसा फुगत नाहीं आणि उन्हानें आकसत नाहीं. सांगलीचा प्रकार याच्या उलट. कृष्णाकाठची काळी कसदार जमीन उसाला आणि हळदीला जितकी मानवते तितकी घराच्या पायाला मानवत नाहीं. ती पाणी पिऊन फुगते आणि चैत्र-वैशाखांत आकसून तिला हात-हात खोल भेगा पडतात. पावसाचेंहि तेंच. महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाकाठीं सहा हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस कोसळतो, तर आटपाडी-जतकडे त्याचा दहावा हिस्सा पडला तरी लोक समाधान मानतात. अशा प्रदेशांत एका ठिकाणचा कारागीर दुसऱ्या ठिकाणीं गेला तर त्याला आपली विद्या पुन्हा नव्यानें शिकावी लागे. मातीचें अंगण जमिनीबरोबर फुगे आणि जमिनीबरोबर आकसे. भेग पडली तर दुसऱ्या दिवशींच्या सारवणांत ती बुजून जाई. त्या अंगणास अभिमान नव्हता, म्हणून त्याचा भंगहि होत नव्हता.

मातीच्या वरची पायरी चुन्याच्या कोब्याची. ही चैन वाडेवाल्यांची आणि देवळांची. काळ्या जमिनींत आणि ओढ्यांच्या काठीं सांपडणारे चुनखडीचे खडे लोणारी लोक गोळा करीत आणि भट्टींत भाजून कळीचा चुना करीत. भाजण्यानें चुनखडींतील कार्बन डायॉक्साइड निघून जातो. कळीवर पाणी घालतांच ती धगधगून फुटते, आणि हा विरलेला चुना दिवसचे दिवस पाण्यांत मुरत ठेवावयाचा. मग घाणी. दगडी गोल चरांत जड दगडी चाक बैलाकडून फिरवून वाळू आणि चुना यांचें लोण्यासारखें मिश्रण होईपर्यंत तें मळीत. त्यांत कोणी विटांची भुकटी घाली, कोणी गुळाचें आणि हिरड्याचें पाणी. खडी किंवा विटांचे तुकडे या चुन्यांत कालवून जमिनीवर पसरीत, आणि मग चोपणीचें काम सुरू होई. मजुरांच्या रांगा बसून लांकडी चोपण्यांनीं तो थर एकसारखा ठोकीत, मध्यें मध्यें पाणी शिंपडीत, आणि हें एक दिवस नव्हे, तर चोपणीचा ठसा उमटेनासा होईपर्यंत दिवसेंदिवस चाले. कोब्याचें सारें सामर्थ्य या ठोकण्यांत होतें. चुना हवेंतील तोच कार्बन डायॉक्साइड हळूहळू शोषून पुन्हा दगड बनतो. म्हणजे ज्या वायूचा भट्टींत वियोग झाला त्याचा अंगणांत संयोग होतो, आणि हा संयोग पुरा व्हावयास वर्षें लागतात. या मंदपणाचा एक फायदा होता. बारीक चीर पडली तर पावसाच्या पाण्यांत विरघळलेला थोडा चुना त्या चिरेंत पुन्हा सांठून ती आपोआप बुजे. मोठी फट पडली तर घरचा मनुष्यहि चुना भिजवून ती भरूं शके, कारण जुनें आणि नवें एकाच जातीचें असे.

या जातीच्या प्रश्नाचें महत्त्व पाहावयाचें असेल तर वाईस किंवा मेणवलीस जावें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत नाना फडणिसांनीं मेणवलीस वाडा व घाट बांधला. वाईस रास्त्यांनीं देवळें व घाट उभारले, आणि तेथील ढोल्या गणपतीचें देऊळ १७६२ सालचें. कृष्णेचे किती पूर या पायऱ्यांवरून गेले त्याची गणती नाहीं. या दगडी कामाचे सांधे, ज्यांस गवंडी दर्जा म्हणतात, ते चुन्याचे. चुना दगडाहून मऊ. दगड थोडा हलला तर तो स्वतः सोसतो, आणि आंत शिरलेलें पाणी बाहेर पडूं देतो. पुढें सर्वत्र सिमेंटचा सुळसुळाट झाल्यावर जुन्या बांधकामांच्या दर्जांत सिमेंट भरण्याची रीत पडली. सिमेंट कठीण, ताठर आणि पाण्याला वाट न देणारें. तें चुन्याशीं एकजीव होत नाहीं. दोहोंच्या मधून बारीक फट राहते, पाणी तींतून आंत जातें पण बाहेर येत नाहीं, आणि त्या ओलीवर पिंपळ-वडाचीं मुळें पोसतात. जुन्या इमारतींची निगा राखणारे जाणते लोक आतां पुन्हा चुन्याकडे वळले आहेत. मजबूत वस्तु मऊ वस्तूवर बसविली म्हणजे सारेंच मजबूत होतें, हा भ्रम अंगणाच्या बाबतींतहि फार महागांत पडला आहे.

सिमेंटची जन्मकथा परदेशची. लीड्स शहरांतील जोसेफ ऍस्पडिन नांवाच्या गवंड्यानें १८२४ सालीं त्याचें पेटंट घेतलें, आणि पोर्टलंड बेटांतील दगडासारखें दिसतें म्हणून त्यास पोर्टलंड सिमेंट म्हटलें. हिंदुस्थानांत तें प्रथम बोटींतून येई. १९१४ सालीं पोरबंदर येथील कारखान्यांतून देशी सिमेंट बाहेर पडूं लागलें. १९२७ पासून काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेनें नव्या मालाचा उपयोग लोकांस शिकविण्याचें काम हातीं घेतलें, आणि १९३६ सालीं कित्येक कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही मोठी कंपनी झाली. कृष्णाकाठीं मात्र दगडाची प्रतिष्ठा लवकर ढळली नाहीं. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा, आणि तो दगडी कमानींचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळ, औंध संस्थानच्या हद्दींत, निवडुंगांनीं भरलेल्या माळावर कारखाना वसविला, तेव्हां तो माळ साफ करण्यापासूनचीं कामें त्या मंडळींनीं स्वतःच्या हातांनीं केलीं. जमिनीशीं झटण्यांत कमीपणा नाहीं, ही भावना त्या काळीं या भागांत चांगली रुजलेली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काल्यास रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्यास वसतिगृह चालविलें, तेथेंहि विद्यार्थ्याच्या हातीं पुस्तकाबरोबर कुदळ होती.

मग ही विद्या गेली कशी? एक कारण असें कीं स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षें सिमेंट मोकळेपणीं मिळतच नसे. त्यासाठीं परमिट लागे, अर्ज करावे लागत, आणि मिळालेल्या पोत्यांतून प्रथम पाया आणि छत पुरें करावयाचें. अंगणाच्या वांट्याला उरलेंसुरलें. १९८२ च्या फेब्रुवारींत नियंत्रण अंशतः उठलें, मार्च १९८९ मध्यें पूर्णपणें गेलें, आणि मग सिमेंट कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळूं लागलें. दरम्यान लोणाऱ्यांच्या भट्ट्या थंडावल्या होत्या, घाणीचे दगड गांवाबाहेर गवतांत पडले होते, आणि कोबा हा शब्द तेवढा शिल्लक राहून त्याचा अर्थ बदलला होता. पूर्वीं कोबा ठोकून करीत. आतां तो ओतून करूं लागले. शब्द तोच राहिल्यामुळें रीतहि तीच पुरेल असा समज झाला असावा. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पहांटेच्या थंडींत उठून शेणाच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांची पाठ या नव्या कोब्यानें सरळ केली, आणि त्या सुखाबद्दल त्याचे उपकारच मानले पाहिजेत. जुन्या अंगणाचे गोडवे गाणाऱ्या पुष्कळांनीं तें स्वतः कधीं सारविलेलें नसतें.

नवा माल आला, परंतु त्याच्या स्वभावाची ओळख घरांत आली नाहीं. १९१८ सालीं शिकागो येथें डफ अब्रॅम्स या संशोधकानें सिद्ध केलें कीं काँक्रीटची ताकद मुख्यतः त्यांतील पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. पाणी वाढलें कीं ताकद घटते. पन्नास किलोंच्या पोत्यास रासायनिक क्रियेपुरतें बारा-तेरा लिटर पाणी पुरतें. कामाच्या सोयीसाठीं तें पंचवीस लिटरपर्यंत न्यावें लागतें. पण पातळ माल सहज पसरतो, म्हणून कामावर पस्तीस-चाळीस लिटर ओतलेलें कोणी मोजीत नाहीं. हें जादा पाणी वर येतांना सिमेंटची बारीक भुकटी बरोबर आणतें आणि तिची दुबळी साय पृष्ठभागावर जमते. केरसुणीबरोबर पुढें निघते ती हीच. तिच्यावर सुकें सिमेंट भुरभुरून लोखंडी थापीनें घोटून चकाकी आणण्याची हौस तर फारच घातक; ती चकाकी कातडीसारखी निराळी आकसते आणि तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. शिवाय काँक्रीट उन्हानें वाढतें. दहा मीटर लांबीची वाट तीस अंश तापली तर ती सुमारें तीन मिलिमीटर लांब होते. हें वाढणें-आकसणें सामावून घेण्यास चार इंच जाडीच्या थरांत साधारण आठ-दहा फुटांवर सांधा ठेवावा लागतो. सांधा ठेवला नाहीं तर काँक्रीट आपला सांधा आपण पाडतें. त्यालाच लोक चीर म्हणतात. जुन्या शहाबादी फरशीच्या अंगणास हा उपद्रव कमी होता, कारण तेथें प्रत्येक फरशीभोंवतीं सांधा होताच.

दुरुस्तीच्या विद्येचा सर्वांत मोठा धडा या भागांत अंगणावर नव्हे, धरणावर गिरविला गेला. पाटण तालुक्यांतील कोयना धरण मोठमोठे दगड काँक्रीटमध्यें बसवून बांधलेलें, १०३ मीटर उंचीचें. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे तेथें साडेसहाच्या सुमाराचा भूकंप झाला. कोयनानगर आणि आसपासचीं घरें कोसळून पावणेदोनशेंच्या सुमारास माणसें मरण पावलीं. धरण उभें राहिलें. पण ज्या उंचीवर त्याची मागची बाजू एकदम उतार बदलते, त्या उंचीच्या आसपास पुढच्या व मागच्या दोन्ही अंगांवर आडव्या चिरा पडल्या. त्या वेळीं अभियंत्यांनीं काय केलें हें अंगणवाल्यानें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं वरून गिलावा केला नाहीं. चीर कोठून कोठवर आणि किती खोल गेली आहे हें आधीं पाहिलें. मग चिरांत दाबानें इपॉक्सी राळ भरली. उंच भागांत वरून खालपर्यंत छिद्रें घेऊन त्यांत पोलादी तारांचे जुडगे ताणून बसविले. आणि पुढील वर्षांत मागच्या अंगाला काँक्रीटचे भरभक्कम टेकू दिले. शोध, भरणी, बांधणी आणि आधार या क्रमानें तें काम झालें. जुन्या काँक्रीटला नवें काँक्रीट चिकटविणें हें किती अवघड असतें, हेंहि अशाच कामांत कळतें. जुन्याचें आकसणें होऊन गेलेलें असतें, नव्याचें व्हावयाचें असतें. म्हणून नवें नेहमीं जुन्यापासून सुटूं पाहतें. त्या दोहोंचें लग्न नीट लावून दिलें नाहीं तर संसार टिकत नाहीं.

फाटकापासून ओसरीपर्यंतच्या वाटेस इतका खटाटोप लागत नाहीं, आणि ती वाट घरच्या दोघां-चौघांनीं सुट्टीच्या दिवसांत दुरुस्त करणें अगदीं शक्य आहे. मात्र आरंभ कानानें करावा. लोखंडी पहार किंवा हातोडा घेऊन सारी जमीन हळूहळू ठोकीत जावें. जेथें आवाज खणखणीत येतो तेथें काँक्रीट जिवंत आहे. जेथें बद्द येतो तेथें तें एकतर वरून सुटलें आहे किंवा त्याच्या खालीं पोकळी आहे. अशा जागांभोंवतीं खडूनें रेघ ओढावी. चिरांच्या टोकांशीं पेन्सिलीनें खूण करून तारीख लिहावी, आणि एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊं द्यावा. घाई करणारास ही सूचना आवडणार नाहीं. पण चीर खुणेच्या पलीकडे गेली तर ती हलती आहे, आणि हलत्या चिरेंत सिमेंट भरणें म्हणजे ती शेजारीं नव्यानें पाडणें होय. तिला सांधाच करून टाकावा. बाजू सरळ कापून तींत डांबर किंवा रबरासारखा लवचिक मसाला भरावा. न हलणारी चीर छिन्नीनें रुंद करून, तोंडापेक्षां तळाशीं थोडी अधिक कोरून, घट्ट मालानें ठासावी.

जो भाग खचून हलतो आहे त्याच्यावर थर घालण्यांत अर्थ नाहीं. तो चौकोन सांध्यापासून सांध्यापर्यंत फोडून काढावा, खालची भुसभुशीत माती खणून टाकावी, मुरूम तीन-चार इंचांच्या थरांनीं पाणी मारून धुमसानें बसवावा, आणि मग नवें काँक्रीट ओतावें. सांगलीकडील काळ्या जमिनींत ही खणती फूट-दोन फूट न्यावी लागते. साताऱ्यास पुष्कळदां वीतभरांत काम भागतें. तळ पक्का असून वरचाच पापुद्रा गेला असेल तर मात्र नवा थर चालतो. जुना पृष्ठभाग टांकीनें टोंचून खडबडीत करावा, दुबळी साय पार निघून खडी दिसूं लागेपर्यंत. कडा तिरप्या निमुळत्या न ठेवतां उभ्या कापाव्या, कारण निमुळती कड प्रथम फुटते. मग धुवून, रात्रभर ओलें ठेवून, सकाळीं सांचलेलें पाणी टिपून घ्यावें. ओल असावी, पण डबकें नसावें. त्यावर सिमेंटचें दाट पाणी कुंचल्यानें घासून लावावें आणि तें सुकण्याच्या आंत नवा माल पडला पाहिजे. सिमेंट अर्ध्या तासानंतर केव्हांहि धरूं लागतें, म्हणून एका वेळीं हाताला आवरेल तेवढाच भाग घ्यावा. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग बारीक खडी हें जुनें प्रमाण घरगुती कामास ठीक आहे. काँक्रीटचा थर दोन इंचांहून पातळ करूं नये. पातळच हवा असेल तर त्यासाठीं रासायनिक चिकट द्रव मिसळलेले तयार मसाले मिळतात, ते वापरावे. जुन्या सांध्याच्या बरोबर वर नवा सांधा आलाच पाहिजे. पांच फुटांस एक इंच एवढा उतार घराबाहेरच्या दिशेस द्यावा, आणि शेवटीं लांकडी पाट्यानें सपाट करून खराट्याच्या रेघा ओढाव्या, म्हणजे पावसांत पाय घसरत नाहीं. ओलें सिमेंट कातडी भाजतें, तेव्हां हातांत रबरी मोजे आणि टांकी चालवितांना डोळ्यांवर चष्मा असावा, हें सांगावयास नकोच.

यानंतरचें काम सर्वांत सोपें, आणि नेमकें तेंच चुकतें. सिमेंट वाळून कठीण होत नाहीं. तें पाण्याशीं संयोग पावून कठीण होतें. दुसऱ्या दिवसापासून मातीचे लहान बांध घालून वाफ्यासारखें पाणी उभें करावें किंवा ओलीं गोणपाटें पसरून तीं सुकूं देऊं नयेत. निदान सात दिवस, आणि चौदा दिवस झाले तर फार उत्तम. गवंडी आपलें काम करून निघून जातो, आणि कोबा जगतो कीं मरतो हें त्यानंतरच्या पंधरवड्यांत घरच्या माणसांच्या हातून ठरतें. मोटार महिनाभर बाहेर उभी राहिली तर कांहीं बिघडत नाहीं. ज्या घरांत पूर्वीं रोज सडा पडत असे त्या घरांत चौदा दिवस पाणी शिंपडावयास माणूस मिळूं नये, हें मोठें नवल आहे.

सांगलीस या साऱ्यावर पुराची आणखी एक अडचण असते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी सत्तावन फुटांवर गेलें, आणि २०२१ सालीं शहराला पुन्हा पूर आला. पाणी ओसरून गाळ काढला कीं काँक्रीटचें अंगण वरून जसेंच्या तसें दिसतें. परंतु ओसरतें पाणी कडेकडेनें खालची भर घेऊन गेलेलें असतें, आणि वरचा थर पुलासारखा अधांतरीं राहतो. मोटार वर चढली कीं तो मोडतो. म्हणून पुरानंतर सारी जमीन पुन्हा ठोकून ऐकावी. लहान पोकळी असेल तर वरून छिद्र पाडून तींत सिमेंटचा पातळ रांधा, पुढें घेईनासा होईपर्यंत, ओतता येतो. मोठी असेल तर तो चौकोन फोडणेंच बरें. दिवाळीपूर्वीं सारें नीटनेटकें व्हावें म्हणून लगेच नवें काँक्रीट घालण्याचा मोह मात्र आवरावा. त्या वेळीं खालची काळी माती पाणी पिऊन फुगलेली असते, आणि ती आकसली कीं नव्या थराखालीं पुन्हा पोकळी होते. वैशाखांतहि तें करूं नये, कारण भेगाळलेली माती पुढच्या पावसांत वर उचलते आणि कडक ऊन नव्या थरांतलें पाणी पळवितें. मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास ती ना फुगलेली ना भेगाळलेली असते, हवाहि थंड असते, आणि पाणी मारलेलें टिकतें. तोंवर खचलेल्या जागीं मुरूम भरून, पाणी शिंपडून, धुमसानें चोपून ठेवला तर मोटारीस वाट मिळते. आणि धूळ उडूं नये म्हणून आठवड्यांतून एकदां त्यावर शेणसडा घातला तर तोहि चालतो.